फूल की झाड? : सात्सुकी अझेलियाच्या बोन्सायचा इतिहास

काही वनस्पतींची शास्त्रीय नावे म्हणजे कायमची नोंदली गेलेली पत्त्याची चूक असते. 'ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम' हे त्यांतलेच एक. ज्या अझेलियाचे हे नाव, ती भारतात कुठेही रानात उगवत नाही. हिमालयातला बुरांस आणि निलगिरीच्या माथ्यावरचा लाल फुलांचा वृक्ष हे तिचे कुळबंधू खरे. पण ही अझेलिया मूळची जपानची. तरीही लिनिअसने 1753 मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात तिची नोंद 'अझेलिया इंडिका' अशी केली. त्यामागे डच जहाजांचा मार्ग आहे. पूर्वेकडची रोपे बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, हॉलंडला जात. तो सगळा मुलूख युरोपीयांच्या लेखी 'इंडीज'च होता. पुढे शास्त्रज्ञांनी अझेलिया हे वेगळे कुळनाम मोडीत काढले आणि तिला ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये सामावून घेतले; 'इंडिकम' मात्र चिकटून राहिले.

घोळ इथेच संपत नाही. पुढे बाजारात 'इंडियन अझेलिया' म्हणून जे भरगच्च फुलांचे रोप रूढ झाले, ते बहुतांशी चीनमधल्या 'ऱ्होडोडेंड्रॉन सिम्सी' या जातीपासून बेल्जियमच्या माळ्यांनी तयार केलेले. म्हणजे नावातली 'इंडियन' ना भारतातली, ना लिनिअसच्या 'इंडिका'ची.

या नावाचा माग काढता काढताच मी या विषयात शिरले. वाचत गेले तसे लक्षात आले की युरोपीयांनी या झाडाच्या नावाचा घोळ घातला, तेव्हा जपानमध्ये त्याच झाडाच्या शेकडो प्रकारांची नावे काटेकोरपणे नोंदली जात होती. त्या नावांचे आणि ती टिकवणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: अझेलियाचा प्रकार ही एकदा मिळवून ठेवून देण्याची वस्तू नाही. दर वर्षी कात्री हातात घेऊन तो नव्याने राखावा लागतो. आणि काय राखायचे, काय छाटायचे हे गेल्या शतकात प्रामुख्याने प्रदर्शनाच्या मांडवात ठरत आले.

पाचव्या महिन्याचे फूल

जपानी माणूस अझेलियांचे ढोबळ दोन भाग करतो. वसंतात फुलणाऱ्या त्या 'त्सुत्सुजी' आणि सुमारे महिनाभर उशिरा फुलणारी ती 'सात्सुकी'. सात्सुकी हे जुन्या चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याचे नाव. आपल्या हिशेबाने साधारण ज्येष्ठ. भाताची रोपे लावण्याचा महिना म्हणून हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. इंग्रजी तारखांप्रमाणे मेअखेर ते जून हा तिचा बहर. बहर सरतो आणि तिकडचा पावसाळा सुरू होतो. कलमे लावायची वेळही हीच.

बागेतल्या सात्सुकीच्या पूर्वजांत दोन रानटी जाती मुख्य आहेत. पहिली आपली 'इंडिकम'. ती नदीकाठच्या खडकांच्या फटीत वाढते. पूर आला की पाणी अंगावरून जाते, म्हणून पाने अरुंद आणि मुळांची पकड घट्ट. दुसरी दक्षिणेकडच्या बेटांवर समुद्राच्या वाऱ्यात वाढणारी, गोलसर पानांची 'मारुबा सात्सुकी'. या दोघींच्या संकरातून आणि त्या संकरांच्या पुन्हा संकरांतून आजचे प्रकार आले. त्यांची संख्या हजाराच्या वर जाते. उथळ कुंडीत, मूठभर मातीत हे झाड तग धरते, याचे एक कारण मला त्या खडकातल्या फटीत दिसते.

सोमेईचे माळी

सतराव्या शतकात एदो, म्हणजे आजचे टोकियो, झपाट्याने वाढत होते. प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी आलटून पालटून शोगुनच्या राजधानीत येऊन राहावे, हा नियम 1635 मध्ये पक्का झाला. प्रत्येकाचे वाडे उभे राहिले आणि वाड्याभोवती बागा आल्या. 1657 च्या भीषण आगीनंतर शहर पुन्हा बांधले गेले, तेव्हा वाडे बाहेरच्या बाजूला पसरले. या बागांना झाडे पुरवण्यासाठी शहराच्या उत्तरेला सोमेई नावाचे माळ्यांचे गावच वसले. आज जगभर ओळखली जाणारी 'सोमेई योशिनो' ही चेरी याच गावाचे नाव मिरवते.

या गावात इतो इहेई हे माळ्याचे घराणे होते. पिढ्यान्‌पिढ्या कर्ता पुरुष हेच नाव घेई. क्युशू बेटावरच्या सात्सुमा प्रांतातून आलेल्या लाल 'किरिशिमा' अझेलियांची शतकाच्या मध्यावर एदोत मोठी हौस होती. इतोंच्या रोपवाटिकेलाही लोक 'किरिशिमाया', म्हणजे किरिशिमावाल्यांचे दुकान, म्हणत. या घराण्यातल्या सान्नोजो याने 1692 मध्ये 'किन्शू माकुरा' हा पाच भागांचा ग्रंथ छापला. नावाचा अर्थ 'जरीकामाची उशी'. त्यात त्सुत्सुजी आणि सात्सुकी मिळून तीनशेहून अधिक प्रकारांची नावे, वर्णने आणि चित्रे आहेत. केवळ अझेलियांना वाहिलेला इतका जुना ग्रंथ दुसरीकडे कुठे असल्याचे माझ्या वाचनात नाही. 1984 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, त्यामुळे आपल्यासारख्यांना तो वाचता येतो.

या ग्रंथाचा कर्ता दरबारी पंडित नव्हता, हातांना माती लागलेला धंदेवाईक माळी होता. त्याच्या वर्णनांत त्यामुळे विक्रेत्याची नजर आहे: फूल मोठे की लहान, रंग कोणता, पाकळी एकेरी की दुहेरी, बहर कधीचा. एकाच प्रकाराला दोन दुकानांत दोन नावे असली की गिऱ्हाईक फसते आणि माळ्याची पत जाते. यादी ही त्या काळी धंद्याची गरज होती. आज तीच आपल्याला इतिहासाचे साधन म्हणून उपयोगी पडते.

एक योगायोग इथे नोंदवण्यासारखा आहे. एंगेलबर्ट केंफर हा जर्मन वैद्य डच कंपनीच्या नोकरीत 1690 ते 1692 जपानमध्ये होता. वखारीच्या शिष्टमंडळाबरोबर 1691 आणि 1692 अशा दोन्ही वर्षी तो एदोला गेला. परतल्यावर 1712 मध्ये छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्याने जपानी अझेलियांची नोंद त्यांच्या जपानी नावांसह केली. म्हणजे सोमेईचा माळी आपली यादी छापत होता, त्याच वर्षी ती यादी समजू शकेल असा एक युरोपीय त्याच शहरात येऊन गेला. पुढे लिनिअसने 'इंडिका' हाच शब्द पक्का केला.

1860 मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक सोमेईला पोचला, तेव्हा रोपवाटिकांचा तो अफाट पसारा पाहून थक्क झाला. मात्र आठ वर्षांत शोगुनशाही कोसळली, सरदार आपापल्या प्रांतांत परतले आणि बागांचे गिऱ्हाईकच उरले नाही. 'किन्शू माकुरा'तल्या अनेक नावांची जोडी आज जिवंत झाडाशी लावता येत नाही. नाव पुस्तकात राहिले, झाड गेले.

एका झाडावरची बांधणी

झाड 'जाते' म्हणजे नेमके काय होते? ते मरतेच असे नाही. सात्सुकीच्या बाबतीत ते जिवंत राहून दुसरेच काही होऊन बसते.

सात्सुकीचे वैशिष्ट्य असे की एकाच झाडावर पांढरी, गुलाबी पट्ट्यांची, ठिपक्यांची, कडेला रंग असलेली आणि संपूर्ण रंगीत अशी फुले एकाच वेळी येऊ शकतात. पट्टे-ठिपक्यांच्या फुलांना जपानी भाषेत 'शिबोरी' म्हणतात. हा शब्द कापडाच्या रंगाईतला आहे. आपल्या बांधणीसारख्या, कापड बांधून रंगवण्याच्या कलेचे ते नाव. साध्या एकरंगी फुलाला 'मुजी', रंगीत किनारीच्या फुलाला 'फुकुरिन', गळ्याशी पांढरे आणि बाहेर रंग असलेल्याला 'सोकोजिरो' अशी संज्ञांची मोठी पेटीच आहे.

याचे कारण कोंबाच्या टोकाशी असते. तिथे पेशींचे थर एकावर एक असतात. एखाद्या पेशीत रंगाचा गुण बदलला की तिच्यापासून वाढणारी फांदी बदलते. अशी फांदी तोडून तिचे कलम लावले की नवा प्रकार हाती येतो. बागेतले कितीतरी नामांकित प्रकार असे एका फांदीतून जन्मलेले आहेत. बी पेरून मात्र प्रकार राखता येत नाही. बियांतून येणारे प्रत्येक रोप नव्या घडणीचे.

हेच वैशिष्ट्य प्रकाराच्या मुळावरही येते. पूर्ण रंगीत फुले देणारी फांदी सहसा पुन्हा शिबोरीकडे वळत नाही. ती तशीच वाढू दिली तर काही वर्षांत सगळे झाड एकरंगी होते. म्हणून जाणता माळी बहरातच फांद्यांना खुणेचे दोरे बांधतो. फुले गळून गेली की सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात, मग निवड कशी करणार? रंगीत फांद्यांतल्या थोड्या ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. कलम घ्यायचे तेही नेमक्या फांदीचे. एका पिढीने हे काम सोडले, की झाड हिरवेगार उभे असते आणि प्रकार नाहीसा झालेला असतो.

बुडाकडे ओढ घेणारे झाड

बोन्साय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाइन किंवा वड येतो. पाइनचा जोर शेंड्याकडे असतो, म्हणून त्याचा शेंडा सतत दाबावा लागतो. अझेलियाचे उलटे आहे. ती मुळात झुडूप. तिचा जोर बुडाकडे आणि खालच्या फांद्यांत असतो. त्यामुळे खालच्या फांद्या कडक छाटायच्या आणि शेंडा हलक्या हाताने सांभाळायचा, नाही तर वरचा भाग दुबळा होऊन वाळतो. इतर झाडांवर शिकलेली सवय इथे नडते.

लाकूडही ठिसूळ. तारेने वळण द्यायचे ते कोवळेपणी, बेताबेताने. म्हणून जपानी शेतकरी कलमाची कोवळी काडी असतानाच तिला नागमोडी वळणे देऊन जमिनीत लावतात आणि बुंधा जाड झाला की कुंडीत आणतात. मुळे केसांसारखी बारीक आणि वरच्या थरात पसरणारी. पाणी तुंबले तर कुजतात, एकदा पूर्ण सुकली तर सहज सावरत नाहीत. माती आणि पाणी दोन्ही आम्लधर्मी हवे.

ही माती पुरवणारे गाव म्हणजे टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतातले कानुमा. हजारो वर्षांपूर्वी शेजारच्या आकागी ज्वालामुखीने फेकलेल्या सच्छिद्र, पिवळसर दगडी दाण्यांचा थर तिथे जमिनीखाली आहे. पिकांच्या दृष्टीने त्यात कस जवळजवळ नाही. पण ते दाणे पाणी धरतात, हवा खेळू देतात आणि आम्लधर्मी असतात. शिवाय सुकले की फिकट आणि भिजले की गडद पिवळे दिसतात, त्यामुळे पाण्याची वेळ नुसत्या नजरेने कळते. 'कानुमा माती' आज जगभरच्या बोन्सायवाल्यांना ठाऊक आहे. गावानेही सात्सुकीलाच आपले फूल मानले असून दर वर्षी मेअखेरीस तिथे सात्सुकीचा उत्सव भरतो.

मेअखेर आणि फेब्रुवारी

आता प्रदर्शनाकडे येऊ. खरा वाद तिथेच आहे.

फूल म्हणून सात्सुकीची हौस जुनी असली, तरी बोन्सायच्या दुनियेने तिला सहजासहजी पंक्तीला घेतले नाही. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले बाहेर पडले आणि 1925 मध्ये ओमिया इथे त्यांची वसाहत उभी राहिली. 1934 मध्ये उएनोच्या कलासंग्रहालयात 'कोकुफू' हे राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झाले. चित्रे आणि शिल्पे जिथे मांडतात तिथे कुंडीतले झाड मांडणे हा त्यामागचा दावाच होता: बोन्साय ही कला आहे. या कलेचे मानदंड पाइन आणि जुनिपर यांनी ठरवले. बुंध्याचे वय, मुळांचा पसारा, फांद्यांची रचना, रिकामी जागा. तिथे फूल दुय्यम. कोकुफू भरते फेब्रुवारीत, तेव्हा सात्सुकीला फूल नसतेच. तिथे मांडलेल्या सात्सुकीला नुसत्या हाडापेरांवर उभे राहावे लागते.

दुसरी परंपरा बहरातल्या प्रदर्शनांची. टोकियोत उएनोच्या 'ग्रीन क्लब'मध्ये दर वर्षी मेअखेरीस सात्सुकीचा सोहळा भरतो. तिथे पाहणारा प्रथम फूल पाहतो. 'कोझान'ची नाजूक फिकट फुले, 'किन्साई'च्या दोऱ्यासारख्या चिरलेल्या लाल पाकळ्या, साकेच्या मोठ्या पेल्याचे नाव मिळालेली 'ओसाकाझुकी'. सगळे झाड एका तारखेला फुलावर यावे म्हणून महिनाभर आधीपासून सावली आणि ऊन यांचा हिशेब चालतो. उमललेल्या फुलावर पाऊस पडू द्यायचा नाही, पाणी फक्त मुळाशी. मधमाश्याही दूर ठेवायच्या, कारण परागीभवन झालेले फूल लवकर गळते. कळ्या विरळ करायच्या, एरवी फुलांच्या गर्दीत झाड दिसेनासे होते. प्रदर्शन संपले की सगळी फुले खुडायची आणि लगोलग छाटणी करायची. उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात. उशीर झाला तर एक बहर बुडाला. अनेक जण एक वर्ष झाड फुलवतात आणि पुढच्या वर्षी कळ्या काढून त्याला विसावा देतात.

1970 च्या आसपास जपानच्या आर्थिक भरभराटीत सात्सुकीची लाट आली. नव्या प्रकारांना चढे भाव मिळाले, सात्सुकीपुरती वेगळी मासिके चालली, गावोगावी मंडळे निघाली. नवे फूल लवकर दाखवण्याच्या घाईत बारीक बुंध्याची, घडण नसलेली झाडे मांडली जाऊ लागली. जुने बोन्सायवाले नाके मुरडू लागले: हे फुलझाड आहे, बोन्साय नव्हे. फुलवाल्यांचे उत्तर ठरलेले: फूल नको असेल तर सात्सुकी लावायची कशाला? लाट ओसरल्यावर भावही उतरले.

दोन्ही बाजू वाचून माझे मत असे झाले आहे की या वादात कुणी जिंकले नाही, हेच झाडाच्या पथ्यावर पडले. फक्त फेब्रुवारीचा निकष राहिला असता, तर जाड बुंध्याचे आणि लवकर वाढणारे ओसाकाझुकीसारखे मोजके प्रकार उरले असते. शिबोरीचा शेकडो रंगांचा खजिना कुणी राखला नसता. फक्त मेअखेरचा निकष राहिला असता, तर दर काही वर्षांनी नव्या फुलासाठी जुनी झाडे टाकून दिली गेली असती आणि शंभर वर्षांचा बुंधा पाहायला मिळाला नसता. फूलवाल्यांनी नावे वाचवली, झाडवाल्यांनी वय वाचवले. आज ज्या सात्सुकी सर्वोत्तम मानल्या जातात, त्या दोन्ही हंगामांत नजर ठरेल अशा असतात. काही जण तर जुन्या दणकट बुंध्यावर नाजूक फुलाच्या प्रकाराची कलमे बांधून दोन्ही बाजूंचा समेट एकाच कुंडीत घडवतात.

कुरुमेची वेगळी वाट

तुलनेसाठी दुसऱ्या एका अझेलियाची कथा थोडक्यात सांगते. क्युशूमधल्या कुरुमे गावी साकामोतो मोतोझो या सामुराईने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान पानाफुलांच्या अझेलिया बियांपासून वाढवल्या. शेवाळ्यावर बी पेरण्याची युक्ती त्याच्या नावावर सांगतात. त्याचा हा वारसा पुढे आकाशी किजिरो या रोपवाटिकाकाराने वाढवला. 1915 मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात ही झाडे मांडली गेली. 1918 मध्ये हार्वर्डच्या अर्नोल्ड आर्बोरेटमचा संग्राहक अर्नेस्ट विल्सन स्वतः कुरुमेला गेला आणि त्याने 50 प्रकार निवडले. ते 1919 मध्ये अमेरिकेत पोचले. 'विल्सनच्या पन्नास' या नावाने ते आजही ओळखले जातात.

कुरुमेचेही बोन्साय करतात, पण तिची खरी कीर्ती अंगणातल्या ताटव्यांची. सात्सुकीची झाली कुंडीची आणि मांडवाची. दोघींचे दैव प्रदर्शनानेच घडवले; एकीचे परदेशातल्या एका मेळ्याने, दुसरीचे दर वर्षी घरच्या अंगणात भरणाऱ्या स्पर्धेने.

आपल्या बाजूने पाहताना

महाराष्ट्रात अझेलियाची ही परंपरा रुजणे कठीण आहे, आणि त्यात कमीपणाचे काही नाही. दख्खनची काळी माती चुनखडीची, विहिरी-बोअरचे पाणी जड, उन्हाळा प्रखर. आपल्याकडचे बोन्साय वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल यांच्यावर उभे आहे ते योग्यच. पण सात्सुकीच्या इतिहासातून घेण्यासारखी गोष्ट मातीची नाही, नोंदीची आहे.

आपल्याकडेही आंब्याचे, भाताचे, जास्वंदीचे आणि शेवंतीचे कितीतरी स्थानिक प्रकार होते आणि आहेत. त्यांची नावे गावागावांत बोलली गेली. पण ज्याच्या बागेत झाड, त्यानेच यादी करून छापावी आणि दर वर्षी चार जाणत्यांसमोर ते मांडून नाव खरे की खोटे ते ठरवावे, ही रीत आपल्यात कितपत रुजली, याचा शोध घ्यायला हवा. सोमेईच्या माळ्याची यादीदेखील एकटी पुरी पडली नाही. गिऱ्हाईक गेले तशी त्यातली झाडे गेली. यादीच्या जोडीला मांडव लागतो आणि मांडवाच्या जोडीला दर वर्षी बहरात फांदीला दोरा बांधणारा माणूस.

जपानमध्येही असे हात आता कमी होत आहेत. लाटेच्या काळात तरुण असलेले हौशी लोक आज वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कुंड्या ज्यांच्याकडे जातात त्यांना कोणती फांदी राखायची हे माहीत असतेच असे नाही. दुसरीकडे युरोप-अमेरिकेत सात्सुकी शिकणारे वाढले आहेत. कानुमातून निघालेली जुनी झाडे आता दूरदूरच्या देशांत फुलतात. नदीकाठच्या खडकावरचे ते झुडूप पुन्हा एकदा जहाजात चढले आहे. लिनिअसच्या वेळी ते नाव हरवून उतरले होते. या वेळी निदान प्रत्येक कुंडीत त्याच्या प्रकाराच्या नावाची पाटी आहे. ती पाटी खरी ठेवणे हे मात्र तिथल्या कात्रीचे काम.